बरगडीच्या आतली ज्वारी

अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावात मराठी मंडळींच्या पॉटलकमध्ये, म्हणजे घरोघरच्या डब्यांच्या जेवणात, नव्या माणसाची ओळख दोन प्रश्नांत उरकते. पहिला, "पुण्याचे की नागपूरचे?" आणि दुसरा, "कुठल्या कंपनीत?" पहिल्याचं उत्तर मी चटकन द्यायचो. दुसऱ्याला म्हणायचो, "कंपनी नाही, सरकारी नोकरी. हरणांचे गळे कापतो." समोरच्याचा मसालेभाताचा चमचा तोंडाशी जाता जाता थांबायचा. कुणी धीट असेल तर विचारायचा, "यार, म्हणजे एक्झॅक्टली काय करता?" बाकीचे हळूच पनीरच्या ट्रेकडे सरकायचे. प्रज्ञा, म्हणजे माझी बायको, लांबून डोळे वटारायची. तिला वाटायचं, मी मुद्दाम करतो. करायचोच मुद्दाम.

मागच्या वर्षी निवृत्त झालो. आता त्या धिटांना सविस्तर उत्तर द्यायला हरकत नाही.

आमच्या मिनेसोटा राज्यात नोव्हेंबरमध्ये बंदुकीने हरणं मारायचा हंगाम सुरू होतो. पहिल्या शनिवारी पहाटेपासून निम्मं राज्य भगवे कोट आणि भगव्या टोप्या घालून जंगलात बसलेलं असतं. भगवे अशासाठी की दुसऱ्या शिकाऱ्याने आपल्याला हरीण समजू नये. ज्या भागात रोगाची शंका असते तिथे सरकार तपासणीचे अड्डे उघडतं. गावातल्या अग्निशमन दलाच्या गॅरेजसमोर एक तंबू, एक टेबल, हातमोज्यांची खोकी आणि आम्ही तिघं-चौघं. शिकारी आपापल्या पिकअपच्या मागे हरीण घालून रांगेत येतात. पोट त्यांनी जंगलातच साफ केलेलं असतं. आम्ही दात बघून वय सांगायचं, जबड्यामागे आडवा काप घ्यायचा आणि गळ्यातल्या बदामाएवढ्या दोन गाठी काढून पिशवीत घालायच्या. पिशवीवर नंबर, हरीण कुठे मारलं ती जागा, शिकाऱ्याचा फोन. सरावाने हे दोन मिनिटांत होतं. आठवड्याभरात लॅबमधून निकाल येतो.

हा खटाटोप एका रोगासाठी. त्याला इंग्रजीत लांबलचक नाव आहे, मी आपला खंगरोग म्हणतो. हरणाच्या मेंदूला बारीक बारीक भोकं पडत जातात. मग ते वाळतं, मान खाली घालून उभं राहतं, कान लोंबतात, तोंडातून लाळ गळते आणि माणूस जवळ गेला तरी पळत नाही. असं हरीण कुणीही ओळखेल. पंचाईत अशी, की रोग शिरल्यावर वर्ष-दीड वर्ष हरीण बाहेरून ठणठणीत दिसतं. टपोरे डोळे, चरबी, चकचकीत कातडी. शिकारी म्हणतो, "डॉक, याला कसला आलाय रोग, बघा तर खरं." मी बघत नाही. बघून कळत नाही म्हणून तर गाठी काढायच्या. माणसाला हा रोग झाल्याचं अजून कुठे सिद्ध झालेलं नाही, पण गाठीत रोग निघाला तर मांस खाऊ नका असं आम्ही सांगतो. एकदा असा फोन केला. पलीकडचा गृहस्थ म्हणाला, "त्याचे सॉसेज मी अख्ख्या चर्चला वाटलेत. आता तुम्हीच येऊन पाद्रीबाबांना सांगा." गेलो आणि सांगितलं. पाद्रीबाबांना सॉसेज आवडले होते.

उलट, लोक घाबरतात ते भलत्याच गोष्टींना. एकाने जंगलातून फोन केला, हरणाच्या घशात जाड पांढऱ्या अळ्या वळवळताहेत, हे परग्रहावरचं काही असेल का? नाही बाबा, एका माशीची पोरं आहेत ती, नाकात वाढतात, मांसाला काही होत नाही. एक बाई अंगभर काळे चामखीळ असलेला नर घेऊन रडकुंडीला आल्या होत्या. तो आजार नुसता कातडीचा, कातडी सोलली की खाली सगळं स्वच्छ. यकृतात पानासारखे चपटे किडे सापडले तर यकृत टाका, बाकीचं ठेवा. पण मांस हिरवट, आंबूस वासाचं किंवा शिंगाच्या बुडाशी पू भरलेला असेल, तर मात्र मोह धरू नका. हे सगळं मी हजारदा सांगितलं असेल. लोकांना ते पटायचंही, कारण अंगावर सरकारी जॅकेट होतं.

माझ्या वडिलांना मात्र मी यातलं काही सांगितलं नव्हतं.

बाबा भंडाऱ्याजवळच्या एका गावात हेडमास्तर होते. मी माणसांचा डॉक्टर व्हावं असं त्यांच्या मनात. मार्क कमी पडले, मी नागपूरला व्हेटर्नरीला गेलो. तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "गुरांचा तर गुरांचा. पण जिवंत गुरांचा हो." मला तो विनोद वाटला आणि मी हसलो. ते हसले नाहीत. पुढे मोठ्या बहिणीने, ताईने, मला बाजूला घेऊन समजावलं. गावातली मेलेली ढोरं ओढून नेणं, सोलणं, हे आमच्या वस्तीच्या गळ्यात बांधलेलं काम होतं. माझे आजोबा ते करत, आणि लहानगे बाबा त्यांच्यासोबत जात. धम्मदीक्षा घेतली त्या वर्षी वस्तीने ते काम एका दिवसात सोडलं. त्यानंतर गावाने जे भोगायला लावलं ते वस्तीने भोगलं, पण कुणी परत दोराला हात लावला नाही. बाबा तेव्हा दहा वर्षांचे. त्या दिवसापासून त्यांनी त्या कामाबद्दल घरात अवाक्षर काढलं नव्हतं.

मी अमेरिकेत आलो तो प्रज्ञाच्या व्हिसावर. तिची आयटीतली नोकरी, आणि माझी नागपूरची डिग्री इथे परीक्षा दिल्याशिवाय कुचकामी. तात्पुरतं म्हणून हंगामी काम धरलं, हरणांचं. मग त्याच खात्यात कायम झालो. बाबांना फोनवर सांगितलं, "सरकारी लॅबमध्ये आहे." खोटं नव्हतं, वर्षाचे नऊ महिने मी लॅबमध्येच असायचो. "मायक्रोस्कोप असतो का?" त्यांनी विचारलं. "असतो ना." त्यांनी तेवढ्यावर गावभर सांगितलं की मिलिंद अमेरिकेत संशोधन करतो. उरलेल्या तीन महिन्यांबद्दल मी सतरा वर्षं गप्प बसलो. खरं सांगायचं तर त्यांना माझी लाज वाटेल ही भीती मला नव्हती. त्यांना दुखेल याची भीती होती.

आई गेल्यावर बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला, ते रोज म्हणायचे, "तुझं ऑफिस एकदा दाखव बाप्पा." मी रोज काहीतरी कारण काढायचो. आणि हंगामाच्या नेमक्या पहिल्या शनिवारी प्रज्ञाच्या सॉफ्टवेअरचं प्रॉडक्शन रिलीज आलं. तिने हात वर केले. "माझं कॅन्सल होणार नाही, तू घेऊन जा त्यांना. आणि मिलिंद, किती दिवस लपवणार आहेस?" बाबांना घरी एकटं ठेवायची सोय नव्हती, कारण आदल्याच आठवड्यात फोडणी देऊन त्यांनी स्मोक अलार्म आणि शेजारी दोन्ही जागे केले होते.

अडीच तास ड्राइव्ह करून आम्ही त्या गावात पोचलो. बेत असा होता की बाबांना समोरच्या कॅफेत खिडकीजवळ बसवायचं, ॲपल पाय आणि चहा मागवून द्यायचा, आणि सांगायचं की आज फील्ड ड्यूटी आहे. बेत दुपारपर्यंत टिकला.

एका हरणाचा जबडा वर करून मी आत काप घेत होतो. मान वर केली तर दहा पावलांवर बाबा. अंगात माझं ढगळ जॅकेट, डोक्यावर भगवी टोपी. ती कॅफेवालीने घातली होती, उगाच कुणी गोळी झाडू नये म्हणून. ते माझ्या हातांकडे बघत होते. मोज्यांवरून रक्त मनगटापर्यंत आलं होतं.

"बाबा, आत बसा, थंडी आहे."

"हे तुझं काम?"

"हो."

"किती वर्षं?"

"सतरा."

 ते वळून आमच्या गाडीपर्यंत गेले, आत बसले आणि दार लावून घेतलं. मी पुढची पिशवी उघडली. हात सवयीने चालत होते, पण त्या अर्ध्या तासात मी तीन नंबर चुकीचे लिहिले. एवढी वर्षं एक गोष्ट जपली आणि ती रस्त्यावर, परक्या लोकांपुढे उघडी पडली, याचं मला फार वाईट वाटत होतं. आता ते डिसेंबरपर्यंत माझ्याशी धड बोलणार नाहीत, असंच मी धरून चाललो.

मग डेल आला. डेल म्हणजे त्या भागातला म्हातारा शेतकरी, दर वर्षी यायचा, दर वर्षी आधी हवामानावर बोलायचा. या वेळी त्याच्याकडे मोठा नर होता, पाठीवर बोटभर चरबी. पाठीचा मऊ तुकडा बायकोला थँक्सगिव्हिंगच्या जेवणासाठी कबूल केला होता म्हणे. मी गाठी काढल्या, नंबर डकवला आणि म्हटलं, "ऑल सेट, डेल." त्याने इंजिन चालू केलं.

आमच्या गाडीचं दार उघडलं. बाबा सरळ पिकअपच्या मागे आले, हरणाच्या उघड्या छातीवर वाकले आणि वास घेतला.

"छातीत हात घालून पाहिलास?"

"ते आमच्या कामात नाही, बाबा. आम्ही फक्त गळा बघतो."

"गळा बघतो म्हणे." हेडमास्तरांचा तो सूर मी चाळीस वर्षांनी ऐकत होतो. "मोजे दे."

मी दिले. त्यांनी ते नीट, एकेक बोट ओढून घातले. उजवा हात कोपरापर्यंत आत घातला आणि बरगड्यांच्या आतल्या बाजूने सावकाश फिरवला, नजर मात्र पलीकडच्या कापून नेलेल्या मक्याच्या शेतावर. सत्तरीचा माणूस, साठ वर्षांत ज्या कामाचं नाव घेतलं नव्हतं, ते काम हाताने असं करत होता की जणू मधे एक दिवसही गेला नाही. मग त्यांनी माझं मनगट धरलं आणि माझा हात आत नेऊन एका जागी ठेवला.

"काय लागते?"

खडबडीत. बारीक, टणक, एकाशेजारी एक. मी टॉर्च मारला. बरगडीच्या आतल्या पातळ अस्तरावर पिवळट दाणे होते.

"ज्वारी," बाबा म्हणाले. "असे दाणे लागले की खायचं नाही. पुरायचं."

डेल इंजिन बंद करून खाली उतरला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. "हे कोण?"

"माय फादर."

डेलने टोपी जरा वर केली आणि बाबांना विचारलं, "तुम्हीपण व्हेट आहात का, सर?"

मी भाषांतर करायला तोंड उघडलं. बाबांनी हात वर करून मला थांबवलं. आणि आयुष्यभर इंग्रजी शिकवलेल्या त्या माणसाने स्वच्छ, सावकाश उत्तर दिलं, "नो. माय फादर वॉज."

मी तंबूमागे जाऊन उगाच खोकी मोजत उभा राहिलो. डोळे पुसायला दोन्ही हात रक्ताचे, म्हणून तसेच वाहू दिले.

असे दाणे म्हणजे क्षयाची शंका. गुरांचा क्षय हरणात येऊ शकतो, हरणातून पुन्हा गुरांत, आणि डेलच्या गोठ्यात तर गाई होत्या. म्हणून हे हसण्यावारी न्यायचं नसतं. डेलने अख्खं हरीण आमच्या ताब्यात दिलं. आम्ही बरगडीचे तुकडे लॅबला पाठवले. परत येताना बाबांनी गाडीत फक्त दोन प्रश्न विचारले. निकालाला किती दिवस? मी म्हटलं, जंतू वाढवून बघावे लागतात, दोन महिने धरा. आणि मग, "तुम्हाला हे कुणी शिकवलं नाही, छातीचं?" मी म्हटलं, कॉलेजात शिकवलं होतं, रांगेच्या घाईत सुटलं. ते नुसतं हुंकारले. घराजवळ आल्यावर म्हणाले, "निकाल आला की कळव."

डिसेंबरमध्ये ते परत गेले. आमचा फोन रविवारी सकाळी व्हायचा, तिकडची संध्याकाळ. आधी तो तीन मिनिटांचा असे. जेवण, तब्येत, थंडी, ठेवू का. आता पहिलंच वाक्य असायचं, "त्या हरणाचं काय झालं?" मी म्हणायचो, अजून नाही. "बरं. तोवर एक सांगतो," असं म्हणून ते सुरू व्हायचे.

एका रविवारी त्यांनी सांगितलं, मेलेल्या ढोराच्या नाकातून काळं, न गोठणारं रक्त येत असेल तर आजोबा सुरी काढतच नसत, पोरांना लांब उभं करत आणि खोल खड्डा खणत. मांडी सुजलेली, वरून दाबली की कागदासारखी करकरते, तीही तशीच सोडायची. उपाशी मेलेलं ढोर आणि रोगाने मेलेलं ढोर खांद्यावरची कातडी चिमटीत धरली की वेगळं कळतं. पुस्तकांत मी हेच लॅटिन नावांनी पाठ केलं होतं. आजोबांना अक्षर ओळखता येत नव्हतं. काही गोष्टी चक्क चूक होत्या, अमावास्येला मेलेल्या जनावराबद्दलच्या वगैरे. बाबा स्वतःच सांगून स्वतःच म्हणायचे, "हे काही खरं नाही बरं, पण ते मानत." कधी उन्हात वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्यांबद्दल बोलायचे, चान्या म्हणत त्यांना. भूक किती होती ते सांगायचे. "सोडलं ते बरंच केलं," असं प्रत्येक वेळी शेवटी म्हणायचे. "पण माणूस हुशार होता रे माझा बाप. हे मी कुणापाशी बोललोच नाही."

मी लॅबच्या जुन्या पाकिटांवर हे सगळं उतरवून घ्यायचो. माझ्या वयाच्या पन्नाशीत मला माझे वडील भेटत होते, आणि त्यांच्या तोंडून माझे आजोबा, ज्यांचा एक फोटोही आमच्याकडे नाही.

फेब्रुवारीत निकाल आला. मी त्याच दिवशी डेलला फोन केला.

बाबांना केला नाही. त्या रविवारी त्यांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "अजून नाही." मला वाटलं, निकाल सांगितला की प्रश्न संपेल आणि फोन पुन्हा तीन मिनिटांवर येईल. पुढच्या रविवारी तेच. मार्चमध्ये तेच. सतरा वर्षं एक लपवलं, ते उघडं पडलं म्हणून सुटलो, आणि लगेच दुसरं लपवायला बसलो. प्रज्ञाने ऐकलं आणि चिडली. "यार, सांगून टाक ना. वाट बघताहेत ते." मी म्हणायचो, हो, या रविवारी नक्की. एप्रिल गेला, मे-जून गेले.

ऑगस्टमध्ये एका रविवारी बाबांनी हरणाचं विचारलंच नाही. जरा धाप लागत होती त्यांना. म्हणाले, "मिलिंदा, जंतू वाढायला दोन महिने लागतात, हे तूच सांगितलं होतं ना गाडीत?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नऊ झाले. गृहपाठ घरी राहिला म्हणणाऱ्या पोराचं तोंड मला फोनवरही दिसते. आला ना निकाल?"

"आला, बाबा."

मला वाटलं, आता ओरडतील. ते हसले. मग म्हणाले, "सांगू नको. अजून दोन-तीन गोष्टी सांगायच्या राहिल्या माझ्या. त्या होऊ दे, मग विचारतो."

त्या दिवशी थकलो म्हणाले आणि लवकर फोन ठेवला. पुढच्या रविवारी फोन ताईने उचलला.

बाबा गेल्यानंतर मी नोकरीत होतो तोवर प्रत्येक हंगामात गळ्यातल्या गाठी काढल्यावर बरगडीच्या आतून हात फिरवला. हाताखाली आलेल्या नव्या लोकांनाही तसा फिरवायला लावला. ते म्हणायचे, "डॉक, हे चेकलिस्टमध्ये नाही." मी म्हणायचो, माझ्या आहे. पुन्हा दाणे कधी लागले नाहीत. दर वेळी हात स्वच्छ, गुळगुळीत अस्तरावरून फिरायचा, आणि शिकाऱ्याला बरं वाटायचं. मला मात्र दर वेळी थोडं रिकामं वाटायचं. का ते मी डेललाही कधी सांगितलं नाही.

पाकिटं माझ्याकडे एकवीस आहेत. त्या दोन-तीन गोष्टी त्यांत नाहीत. मी ताईला विचारलं, वस्तीतल्या उरलेल्या म्हाताऱ्यांना विचारलं. कुणाला आठवत नाही, कुणाला आठवायचं नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही.

निकाल इतकी वर्षं मी डेल आणि प्रज्ञाशिवाय कुणाला सांगितला नाही, ताईलाही नाही. आज इथे लिहितो. बाबा, क्षय नव्हता. जुन्या जखमेतून छातीत उतरलेला दुसराच जंतू होता. पण मांस खाण्याजोगं नव्हतंच, आजोबांनी ते पुरलंच असतं. झाला माझा गृहपाठ. आता त्या राहिलेल्या गोष्टी सांगा.